पोकळीचा हिशेब

खोली म्हणजे नेमकं काय? भिंती, छत, फरशी बांधता येतात, पण आपण वावरतो ते मधल्या रिकाम्या जागेत. वेदान्तातला घटाकाशाचा दाखला हेच सांगतो: घडा फुटला तरी आतलं आकाश कुठे जात नाही, ते बाहेरच्याहून वेगळं कधी नव्हतंच. युरोपातही यावर बराच खल झाला. न्यूटनच्या मते वस्तू असोत-नसोत, अवकाश असतंच. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्झ म्हणे, वस्तूंच्या परस्परांतल्या मांडणीलाच आपण अवकाश म्हणतो. वास्तुकलेच्या चर्चेत मात्र बराच काळ खांब, कमानी आणि शैलीच पुढे असत. १८९३ साली जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये कला-इतिहासकार ऑगस्ट श्मार्सो यांनी वास्तुकला ही अवकाश घडवणारी कला आहे, असं ठासून मांडलं.

बाजाराला मात्र या पोकळीचं फक्त तळच दिसतं. घर विकलं जातं क्षेत्रफळावर, घनफळावर नाही. समजा, इमारतीला ६० मीटर उंचीची मर्यादा आहे. मजला ४ मीटरचा धरला तर १५ मजले बसतात, ३ मीटरचा धरला तर २०. पोकळी तेवढीच, विकायला जागा मात्र एक तृतीयांशाने जास्त! छत डोक्यावर आलं ते काही कुणाच्या सौंदर्यदृष्टीमुळे नाही.

लिफ्टने तर वर-खालीचा अर्थच फिरवला. पॅरिसच्या जुन्या इमारतींत छपराखालच्या खोल्या नोकरांच्या आणि गरिबांच्या. जिने चढायची शिक्षा भाड्यातून वळती व्हायची. १८५७ साली न्यूयॉर्कच्या एका पाच मजली दुकानात एलिशा ओटिस या अमेरिकी कारखानदाराची प्रवासी लिफ्ट बसली. पुढे लिफ्ट सर्रास झाली, तसा सगळ्यात वरचा मजला सगळ्यात महाग होत गेला. वरून दिसणारं दृश्य आधीही तेच होतं.

आणि उजेड? इंग्लंडात १६९६ ते १८५१ खिडक्यांवर कर होता. जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. मग लोकांनी त्या विटांनी बुजवल्या. अशा चौकटी जुन्या घरांवर अजून दिसतात. गंमत म्हणजे काही खिडक्या करासाठी बुजवलेल्या नाहीतच; दर्शनी भाग दोन्हीकडे सारखा दिसावा म्हणून त्या मुळातच आंधळ्या बांधल्या होत्या. रस्त्यावरून पाहणाऱ्याला कोणती कुठली, हे कळत नाही.