सर्फरची बोली, लाटांचं विज्ञान आणि आपला मतलई वारा

गोव्यातल्या मांद्रेच्या किनाऱ्यावर मार्च महिन्यात सकाळी साडेसहाला मी कमरेएवढ्या पाण्यात सर्फबोर्ड धरून उभा होतो आणि शिकवणारा मुलगा एकदम ओरडला, "आउटसाइड! आउटसाइड!" मला वाटलं हा मला पाण्याबाहेर ये म्हणतोय, म्हणून मी समुद्राकडे पाठ करून किनाऱ्याकडे वळलो, आणि पुढच्या क्षणी लाट पाठीवर आली. बोर्ड हातातून सुटला, मी उठेपर्यंत दुसरी आली, मग तिसरी. नाकातोंडात खारं पाणी गेल्यावर त्याने नीट समजावून सांगितलं. लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडे, लांब खोल पाण्यात नेहमीपेक्षा मोठ्या लाटांची रांग दिसली की ‘आउटसाइड’ म्हणून ओरडायचं, म्हणजे सगळ्यांनी तोंड समुद्राकडे करायचं आणि आत जायला लागायचं. दिशा, अंतर आणि धोका, तिन्ही एका शब्दात.

त्या दिवसापासून मी सर्फर लोकांचे शब्द गोळा करायला लागलो. बाहेरून ऐकलं तर ही भाषा नुसती स्टाइल मारायची वाटते, पण एकेक शब्द सोडवून बघितला की आत फिजिक्स निघतं, तेही वर्षानुवर्षं रोज सकाळी पाण्यात बसून डोळ्यांनी टिपलेलं.

त्या ‘आउटसाइड’ने जी रांग येतेय असं सांगितलं तिला म्हणतात ‘सेट’, आणि दोन सेटच्या मधल्या शांत वेळेला म्हणतात ‘लल’. लाटा सारख्या एकाच मापाच्या येत नाहीत, तीन-चार मोठ्या येतात, मग काही वेळ समुद्र गप्प, मग परत तीन-चार मोठ्या. असं का होतं ते कळायला तानपुरा आठवा. दोन तारा जवळजवळ एका सुरात आहेत पण अगदी किंचित फरक राहिलाय, तेव्हा आवाज कमी-जास्त, कमी-जास्त असा डोलतो ना, तसंच समुद्रात होतं. समजा एका लाटांच्या मालिकेत दर १४ सेकंदांनी लाट येतेय आणि दुसरीत दर १३ सेकंदांनी, तर कधी दोघींचे माथे एकावर एक पडतात आणि लाट मोठी होते, कधी एकीच्या माथ्यावर दुसरीचा खळगा येतो आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. हिशोब केला तर मोठ्या लाटांचा घोळका दर १८२ सेकंदांनी, म्हणजे साधारण ३ मिनिटांनी येईल. खऱ्या समुद्रात दोन नाही तर असंख्य मालिका मिसळलेल्या असतात म्हणून इतकं घड्याळासारखं होत नाही, आणि ‘दर सातवी लाट मोठी’ असला पक्का नियमही नाही. पण अनुभवी सर्फर पाण्यात शिरायच्या आधी वाळूवर दहा-पंधरा मिनिटं नुसता बघत उभा राहतो तो हेच मोजायला, आणि लल आली की हात मारत लाटा फुटतात त्याच्या पलीकडे जातो.

आता या लाटा येतात कुठून हा प्रश्न, आणि इथे मला सगळ्यात आवडणारा शब्द येतो, ‘ग्राउंडस्वेल’. जवळच्याच वाऱ्याने उठलेल्या आखूड, विस्कटलेल्या लाटा म्हणजे ‘विंडस्वेल’, आणि लांबच्या वादळातून निघून हजारो किलोमीटर चालत आलेल्या, मध्ये भरपूर अंतर ठेवून येणाऱ्या दमदार लाटा म्हणजे ग्राउंडस्वेल. ओळखायची खूण म्हणजे ‘पिरियड’, एक लाट गेल्यापासून दुसरी येईपर्यंतचे सेकंद. खोल समुद्रात या सेकंदांना १.५६ ने गुणलं की लाटेचा वेग मिळतो, मीटर प्रति सेकंद मध्ये. ८ सेकंदांची लाट ताशी ४५ किलोमीटरने पळते तर १६ सेकंदांची ताशी ९० ने. मात्र घोळक्याचा, म्हणजे ऊर्जेचा वेग त्याच्या निम्माच असतो. एकेक लाट घोळक्याच्या मागच्या टोकाला जन्मते, पुढे पुढे सरकते आणि पुढच्या टोकाला जाऊन विरते, घोळका आपला त्याच्या चालीने चालत राहतो. पाणी तर बिचारं जवळपास तिथल्या तिथेच गोल फिरत असतं, प्रवास करते ती ऊर्जा.

म्हणूनच वादळातून एकाच वेळी निघालेल्या लाटा वाटेत वेगळ्या होत जातात. सीएसएमटीहून फास्ट आणि स्लो लोकल एकदमच सुटल्या तर दादरला दोघींत थोडंच अंतर पडतं, कल्याणला बरंच पडतं, तसंच. लांब पिरियडच्या लाटा आधी पोचतात, आखूड नंतर. सर्फर म्हणतात ‘पिरियड उतरतोय’, काल १८ सेकंद होता, आज १५ वर आला. हाच धागा वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने धरला. दुसऱ्या महायुद्धात हॅराल्ड स्वेरड्रुप यांच्यासोबत त्याने लाटांचा अंदाज बांधायची पद्धत बसवली होती, जून १९४४ मध्ये नॉर्मंडीला सैन्य उतरवताना ती वापरली गेली. नंतर १९६३ मध्ये त्याने न्यूझीलंड, सामोआ, हवाई ते थेट अलास्का अशी पॅसिफिकभर मोजणीची ठाणी लावली आणि अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळातल्या लाटा पूर्ण महासागर ओलांडून अलास्कापर्यंत पोचतात हे दाखवून दिलं. पिरियड किती झपाट्याने उतरतो त्यावरून वादळ किती लांब झालं हे गणिताने काढता येतं. आणि वादळाच्या पट्ट्यातून एकदा बाहेर पडल्यावर त्या लाटांची ऊर्जा वाटेत फारच थोडी कमी होते.

आपल्याकडे केरळच्या मच्छीमारांनी याच गोष्टीला स्वतःचं नाव दिलंय, ‘कळ्ळक्कडल’. कळ्ळन म्हणजे चोर, कडल म्हणजे समुद्र. आकाश निरभ्र, वारा नाही, आणि समुद्र चोरासारखा घरात शिरतो. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळातून आलेले हे स्वेल, आणि २०१२ मध्ये युनेस्कोने हा मल्याळी शब्द शास्त्रीय वापरासाठी स्वीकारला. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था आता त्याचे इशारे देते. किनाऱ्यावरच्या माणसाने दिलेलं नाव शास्त्राने जसंच्या तसं उचललं याचा मला मनापासून आनंद होतो.

लाट उथळ पाण्यात आली की तिचा तळाशी संबंध येतो. लाटेची जी लांबी, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर, तिच्या निम्म्या खोलीला तिला तळ ‘लागतो’. ८ सेकंदांच्या लाटेची लांबी १०० मीटर, तिला ५० मीटर खोलीवर तळ लागेल. १६ सेकंदांची लाट ४०० मीटर लांब, म्हणजे तिला २०० मीटरवरच लागायला लागतो. तळ लागला की वेग कमी होतो, मागची लाट पुढचीला गाठत येते, सगळी ऊर्जा आखूड जागेत गोळा होते आणि लाट वर उठते. १ मीटर उंचीची लाट साधारण १.३ मीटर खोलीला येऊन फुटते, म्हणून लाट कुठे फुटतेय ते बघून सर्फरला तिथे पाणी किती आहे ते नकाशाशिवाय कळतं.

ती कशी फुटते यावर तर शब्दांचा पाऊस आहे. तळ हळूहळू उथळ होत गेला तर माथ्यावरून फेस घरंगळतो, ती ‘मशी’ लाट, नवशिक्यांना बरी. तळ एकदम वर आला तर लाटेच्या पायाला ब्रेक लागतो पण माथा त्याच वेगात पुढे झेपावतो, आणि मध्ये पाण्याचा पोकळ बोगदा तयार होतो, तो ‘बॅरल’. त्यात शिरून बाहेर येणं हे सर्फरचं आयुष्यभराचं स्वप्न, आतल्या जागेला ‘ग्रीन रूम’ म्हणतात कारण पाण्यातून गाळून आलेला उजेड हिरवा दिसतो. बोगदा मागून कोसळत येतो तेव्हा आतली हवा दाबली जाते आणि तोंडातून तुषारांचा फवारा जोरात बाहेर फेकला जातो, त्याला म्हणतात ‘स्पिट’, लाट थुंकली. आणि तळ सगळीकडे सारखाच असेल तर पूर्ण लाट एका दणक्यात आडवी होते, बोर्ड न्यायला जागाच राहत नाही, ती ‘क्लोजआउट’. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची सर्फिंग स्पर्धा पॅरिसपासून १५,००० किलोमीटरहून जास्त लांब ताहितीतल्या तेआहुपोओला घेतली ती याच बॅरलसाठी, तिथे खोल समुद्रातून प्रवाळाची भिंत एकदम वर येते. पोर्तुगालच्या नाझारेला तर समुद्राच्या तळाशी किनाऱ्यापर्यंत आलेली प्रचंड घळ आहे, घळीवरून लाट वेगात येते, बाजूच्या उथळ भागावरची मागे पडते, दोन्ही वळून एकाच ठिकाणी भेटतात आणि एकमेकींवर चढतात. २९ ऑक्टोबर २०२० ला जर्मन सर्फर सेबॅस्टियन स्टॉइडनर तिथे २६.२१ मीटर उंच लाटेवरून उतरला, म्हणजे आठ-नऊ मजली इमारत झाली.

आता वारा. वाऱ्याने विस्कटलेला समुद्र म्हणजे ‘ब्लोन आउट’ आणि अजिबात सुरकुती नसलेला म्हणजे ‘ग्लासी’. समुद्राकडून जमिनीकडे येणारा ‘ऑनशोर’ वारा लाटेला मागून ढकलून लवकर पाडतो, जमिनीकडून जाणारा हलका ‘ऑफशोर’ तिच्या तोंडावर येतो, तिला थोडा वेळ उभी धरतो आणि बॅरल सुबक होतो. हे ऐकताना मला चौथी-पाचवीचा भूगोल आठवला. खारे वारे आणि मतलई वारे! ऑनशोर म्हणजे खारा, ऑफशोर म्हणजे मतलई. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर गार होते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, दिवस चढला की उलटं. जगभरचे सर्फर उजाडायच्या आत पाण्यात उतरतात, त्याला ते ‘डॉन पॅट्रोल’, म्हणजे पहाटेची गस्त, म्हणतात, त्याचं एक मोठं कारण हा मतलई वाराच आहे.

वेंगुर्ल्याला माझे मामा राहतात, आयुष्यभर होडी चालवली, सर्फिंग त्यांनी फक्त माझ्या मोबाइलवर बघितलंय. त्यांना मी ग्लासी शब्द न सांगताच विचारलं की पहाटे पाणी कसं असतं. म्हणाले, "मतलई वारो सुटलो काय दर्यो काचेसारखो दिसता." काच! वारा जमिनीवरून निघालेला असतो, किनाऱ्याजवळच्या पाण्यावर लाटा उठवायला त्याला लांबीच मिळालेली नसते, म्हणून तिथलं पाणी गुळगुळीत राहतं. कॅलिफोर्नियातल्या सर्फरने आणि वेंगुर्ल्याच्या मामांनी एकमेकांना न भेटता एकच उपमा वापरली.

माणसांबद्दलचे शब्द पटकन सांगतो. उजवा पाय पुढे ठेवणारा ‘गूफी’, डावा ठेवणारा ‘रेग्युलर’. लहान वयाचं तयारीचं पोरगं म्हणजे ‘ग्रॉम’, नियम न पाळणारा अडाणी म्हणजे ‘कूक’, दुसऱ्याच्या लाटेत घुसणं म्हणजे ‘ड्रॉप इन’, हा सगळ्यात मोठा गुन्हा. ‘हँग टेन’ मात्र थांबून बघण्यासारखं आहे, लांब बोर्डाच्या अगदी पुढच्या टोकावर जाऊन पायांची दहाही बोटं बाहेर काढायची. खरं तर पुढे इतकं वजन आल्यावर बोर्डाने नाक खुपसून बुडायला हवं, पण बुडत नाही, कारण मागचं टोक लाटेच्या आत असतं आणि त्यावरून वाहणारं पाणी ते दाबून धरतं, सी-सॉच्या दुसऱ्या बाजूला कुणी बसावं तसं.

या खेळाचं मूळ नाव हवाईयन आहे, ‘हेए नलू’, हेए म्हणजे घसरणं आणि नलू म्हणजे लाट. आणि इंग्रजी ‘सर्फ’? तो शब्द इंग्रजीत सतराव्या शतकात येतो तो बहुतेक भारताच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांच्या वर्णनात, त्याआधी ‘सफ’ असं रूप सापडतं, आणि मूळ भारतीय असावं अशी कोशकारांची शंका आहे. पक्कं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण मला ही शंका फार आवडते.

‘वाइपआउट’ म्हणजे पडणं, आणि मग ‘वॉशिंग मशीन’. पांढऱ्या फेसाच्या पाण्यात हवा भरलेली असते, त्याची घनता कमी असते, म्हणून तिथे माणूस नेहमीसारखा तरंगत नाही आणि हाताला पाणी ‘लागत’ नाही. धडपड करून उपयोग नसतो, अंग सैल सोडून काही सेकंद थांबायचं. ‘रिप’ हा शब्द तर प्रत्येकाने शिकावाच, सर्फर नसला तरी. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला एक अरुंद वाट शोधतं, आपल्याकडे म्हणतात ना, इथे पाण्याला ओढ आहे, ती ही. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत, गडद दिसतोय, तिथे पर्यटक नेमके पोहायला उतरतात कारण तिथे लाट नाही! ती ओढ खाली खेचत नाही, आत नेते. तिच्याविरुद्ध पोहून दमू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या आणि मग लाटांबरोबर परत फिरा, जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करा. सर्फर त्याच ओढीचा वापर फुकटच्या लिफ्टसारखा करतात.

आपल्या किनाऱ्यावर मोठे बॅरल का नाहीत असं मला विचारतात. एक कारण म्हणजे मुंबईसमोर समुद्रातला उथळ पट्टा सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, आणि लांब पिरियडच्या लाटेला त्यावर खूप आधीपासून तळ लागतो, घासत घासत ती दमते. दक्षिणेकडे हा पट्टा अरुंद होत जातो.

गेल्या मे महिन्यात वेंगुर्ल्याला संध्याकाळी मी आणि मामा वाळूवर बसलो होतो. वारा पडलेला, लाटा गुडघाभरच, पण सावकाश, एकसारख्या. मोबाइलवर मोजलं, अकरा लाटांमध्ये १६० सेकंद गेले, म्हणजे पिरियड १६. ऊर्जेचा वेग ताशी ४५ किलोमीटर, तिथून दक्षिणेतल्या वादळांच्या पट्ट्यापर्यंत साधारण ६,००० किलोमीटर, म्हणजे साडेपाच दिवस. मी मामांना वाळूत काठीने लिहून दाखवलं. त्यांनी आकड्यांकडे बघितलं, मग पाण्याकडे.

"म्हणजे ह्यो गेल्या आठवड्यातलो वारो?"

"हो."

"आणि आमी म्हणतोव वारो नाय आज," म्हणाले, आणि पुढची लाट यायची वाट बघत बसले.