मुख्य नट रजेवर, म्हणून प्रयोग दुय्यम?

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे नाट्यगृहांत म्युझिकलच्या, म्हणजे नाचगाण्यांच्या नाटकाच्या, माहितीपुस्तिकेतून ‘आज ही भूमिका अमुक करतील’ अशी चिठ्ठी निघाली की प्रेक्षक हिरमुसतात. पैसे वाया गेले, ऐनवेळी कुणाला तरी उभं केलं, ही समजूत जुनी आहे आणि चुकीची.

आठवड्याला 8 प्रयोग, तेही नाचत आणि प्रत्यक्ष गात. घसा बसणार, घोटा मुरगळणार, हे धरूनच नटसंच बांधतात. बदली नट तीन प्रकारचे. अंडरस्टडी बहुधा रोज समूहात नाचतो आणि मोठी भूमिकाही तयार ठेवतो. स्टँडबाय त्या भूमिकेपुरताच राखीव. खरी कसोटी स्विंगची. समूहातल्या अनेकांच्या जागा एकट्याने सांभाळायच्या!

कुणी कुठे उभं राहायचं ते कळावं म्हणून मंचाच्या पुढच्या कडेला आकडे लिहिलेले असतात. मधोमध 0, दोन्ही बाजूंना चढते. स्विंगच्या वहीत प्रत्येक जागेचा हिशेब असतो: कोणत्या ओळीला कोणता आकडा, कोणत्या विंगेतून बाहेर, समूहगानात कोणता सूर, खुर्ची कोणी उचलायची. चूक गाण्यात क्वचित होते, येण्याजाण्यात जास्त. एक पाऊल डावीकडे पडलं की सरकता सेट किंवा धावता सहकलाकार अंगावर येतो. एकाच वेळी दोघे गैरहजर असले, तर दोन जागांतलं अत्यावश्यक तेवढं जोडून एकच नट निभावतो. प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही.

डिसेंबर 2021मध्ये कोविडच्या लाटेत ‘द म्युझिक मॅन’ची नायिका आजारी पडली, तेव्हा तिच्या जागी स्विंग कॅथी व्हॉयटको उभी राहिली. नायक ह्यू जॅकमनने प्रयोगानंतर मंचावरूनच स्विंग मंडळींना ब्रॉडवेचा पाया म्हटलं.