डेल अर्नहार्टचा अपघात ‘साधा’ का दिसला?

१८ फेब्रुवारी २००१ या दिवशी अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोनाच्या कार शर्यतीच्या ट्रॅकवर दोन मोठे अपघात झाले आणि पाहणाऱ्यांचा दोन्हींबद्दलचा अंदाज चुकला. ‘डेटोना ५००’ या २०० फेऱ्यांच्या शर्यतीत १७३व्या फेरीला १८ गाड्या एकमेकींत अडकल्या. टोनी स्टुअर्टची गाडी हवेत उडाली आणि कोलांट्या खात खाली आली. स्टँडमधल्या लोकांच्या काळजाचा ठोका चुकला, पण स्टुअर्ट किरकोळ दुखापतीवर निभावला. मग शेवटच्या फेरीत, तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मध्ये, ३ नंबरची काळी शेव्हरले डगमगली, उतारावरून वर चढली, काँक्रीटच्या भिंतीला धडकली आणि घसरत खाली गवतावर येऊन थांबली. आग नाही, कोलांटी नाही. नॅसकार या शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या स्पर्धेचा सात वेळा विजेता ठरलेला डेल अर्नहार्ट आता खिडकीची जाळी खाली टाकेल आणि बाहेर येईल, असंच बहुतेकांनी गृहीत धरलं होतं. जाळी खाली पडली की ड्रायव्हर ठीक आहे, ही तिथली खूण. ती जाळी पडली नाही. अर्नहार्ट ४९ वर्षांचा होता.

‘एवढ्याशा धडकेत हा माणूस जातोच कसा?’ हा चाहत्यांचा पहिला प्रश्न होता. पुढच्या काही महिन्यांतला सगळा राग, आरोप आणि धमक्या या एका प्रश्नातून निघाल्या. म्हणून आधी त्याचंच उत्तर पाहू.

भिंतीला लागताना गाडीचा वेग ताशी सुमारे २५५ किलोमीटर होता. पण ती भिंतीकडे सरळ जात नव्हती. तिच्या प्रवासाची दिशा भिंतीशी १३ ते १४ अंशांचा कोन करत होती. म्हणजे वेगाचा फार मोठा भाग भिंतीला समांतर होता आणि भिंतीत घुसणारा भाग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास. घासणं आणि वळणं धरून त्या धडकेत गाडीच्या वेगात झालेला एकूण बदल ताशी ६८ ते ७१ किलोमीटर इतका निघाला. प्रेक्षकाच्या डोळ्याला दिसतो तो समांतर भाग: गाडी भिंतीला लागून पुढे सरकत राहते, म्हणून धडक ‘ओझरती’ वाटते. शरीराला मात्र तो ७० किलोमीटरचा बदल भोगावा लागतो आणि इथे तो सुमारे ८० मिलिसेकंदांत झाला. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

हा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. ताशी ७० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १९ मीटर. तो ०.०८ सेकंदात शून्य झाला तर सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या २४ पट येतं. तेवढा वेग खाली पडताना मिळवायचा तर सुमारे १९ मीटरवरून, म्हणजे सहा मजली इमारतीवरून पडावं लागेल. स्टुअर्टच्या बाबतीत उलट झालं. त्याच्या गाडीची ऊर्जा हवेत, पत्रा चेपण्यात, जमिनीवर घासण्यात अशी तुकड्यातुकड्यांनी कित्येक सेकंद खर्च होत राहिली. दिसायला भीषण असलेले अपघात अनेकदा माणसाला वाचवतात ते याचमुळे: वेळ वाढला की बल कमी होतं.

आता ड्रायव्हरकडे येऊ. पट्टे घट्ट आवळलेले असतात, त्यामुळे धड सीटसोबत थांबतं. डोक्याला मात्र तेव्हा कुणी बांधलेलं नसे. डोकं साधारण ४.५ ते ५ किलोचं, त्यावर दीड किलोचं हेल्मेट. जडत्वामुळे ही सहा-साडेसहा किलोची गोष्ट जुन्याच दिशेने जात राहते आणि तिला मागे खेचून धरायला उरते फक्त मान. सरासरी २४ पट धरली तरी मानेवर दीडशे किलो वजन टांगल्याइतका ताण येतो. धडकेच्या मधल्या क्षणी तो याच्या दुप्पट होऊ शकतो.

आणि तुटतं ते मानेचं हाडच असं नाही. कवटीचा तळ म्हणजे मेंदू ज्यावर टेकलेला असतो ती हाडाची बैठक. तिच्या मध्यभागी एक मोठं छिद्र असतं आणि त्यातून मेंदूचा देठ खाली मज्जारज्जूला जोडला जातो. मानेचे स्नायू आणि अस्थिबंध या छिद्राच्या आसपास कवटीला घट्ट चिकटलेले असतात. डोकं पुढे झेपावतं, मान मागे ओढते आणि छिद्राभोवतीचं हाड तडकतं. शेजारीच मोठ्या रक्तवाहिन्या आहेत आणि श्वास व हृदयाचे ठोके सांभाळणारी केंद्रं मेंदूच्या देठातच आहेत. बाहेरून चेहऱ्यावर फारसं काही दिसत नाही. अर्नहार्टला झालेली जीवघेणी इजा हीच होती. १९९४ मध्ये इमोलाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर रोलंड रॅट्झेनबर्गर गेला तो याच इजेने. २००० साली अवघ्या काही महिन्यांत नॅसकारने अॅडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर असे तीन ड्रायव्हर गमावले. पेटी फक्त १९ वर्षांचा होता. ती तिन्ही प्रकरणं अशीच होती. इशारा पुरेसा स्पष्ट होता आणि तो वेळेत ऐकला गेला नाही, हे आजही सलतं.

चाहत्यांचं लक्ष मात्र वेगळीकडे होतं. अर्नहार्टची गाडी डगमगली त्याच्या आधी तिला स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा स्पर्श झाला होता, तोही अशा ट्रॅकवर, जिथे गाड्या तासन्‌तास एकमेकींना चिकटूनच धावतात. मार्लिनला जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या. शेवटी अर्नहार्टचा मुलगा डेल ज्युनिअर आणि ती शर्यत जिंकलेला मायकेल वॉल्ट्रिप यांना उघडपणे सांगावं लागलं की दोष मार्लिनचा नाही.

मग पट्ट्याची पाळी आली. अपघातानंतर पाचव्या दिवशी नॅसकारने जाहीर केलं की अर्नहार्टचा कमरेचा डावा पट्टा तुटलेला सापडला. संपूर्ण तपास व्हायच्या आत हे एवढंच सांगणं घाईचं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे; रागाला लगेच पत्ता मिळाला. पट्टे बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक बिल सिम्पसन यांनाही धमक्या आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतःची कंपनी सोडली. पट्टा चांगला होता, तो सूचनेप्रमाणे बसवलेला नव्हता, असं ते सांगत राहिले.

पट्टा तुटतो कसा, हे नीट समजून घ्यायला हवं. कमरेचा पट्टा साधारण तीन इंच रुंद विणलेली पट्टी असते. ताण पूर्ण रुंदीवर सारखा पसरला तर ती प्रचंड भार पेलते. ती धातूच्या समायोजकातून, म्हणजे लांबी कमीजास्त करण्याच्या कडीतून जाते. ओढ सरळ रेषेत असेल तर पट्टी कडीत सपाट राहते. ओढ तिरकी असेल तर पट्टी कडीच्या एका कोपऱ्यात सरकून गोळा होते. याला रेसिंगवाले ‘डंपिंग’ म्हणतात. आता सगळा भार एका काठावरच्या धाग्यांवर येतो. ते तुटले की भार शेजारच्या धाग्यांवर जातो, मग त्यांच्या शेजारच्या. काठाला छोटी चीर पडलेलं कापड दोन्ही हातांनी ओढलं की ते जसं टरकन फाटत जातं, तसंच. ऑगस्ट २००१च्या अधिकृत अहवालात पट्टा तुटण्याचं कारण हेच दिलं.

पण पट्टा तुटला म्हणून अर्नहार्ट गेला का? यावर तज्ज्ञांत एकमत झालं नाही. ड्यूक विद्यापीठाचे डॉ. बॅरी मायर्स यांनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं की पट्टा शाबूत राहिला असता तरी डोक्याच्या झटक्याने हीच इजा झाली असती. नॅसकारच्या तज्ज्ञांनी डोक्याच्या मागच्या बाजूला बसलेल्या आघाताला जास्त महत्त्व दिलं आणि भिंतीकडे जाताना केन श्रेडर या दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीशी झालेली टक्कर, भिंतीचा कोन आणि पट्टा हे सगळं एकत्र जुळून आल्याचं म्हटलं. दोन्ही बाजूंच्या मांडणीत एक गोष्ट समान आहे: डोकं मोकळं होतं.

मायर्स यांचा अहवाल आला तोही एका वादातून. शवविच्छेदनाची छायाचित्रं पाहायला मिळावीत म्हणून ऑर्लँडो सेंटिनेल या वृत्तपत्राने मागणी केली. त्यांना छापायची नव्हती, तज्ज्ञाला दाखवायची होती. कुटुंब न्यायालयात गेलं, चाहते वृत्तपत्रावर तुटून पडले आणि मार्च २००१ अखेर फ्लोरिडाने अशी छायाचित्रं खुली करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. तडजोड म्हणून एका स्वतंत्र तज्ज्ञाने ती एकदा पाहिली. कुटुंबाचं दुःख खरं होतं आणि कारण समजायची गरजही खरी होती.

डोकं बांधणारं उपकरण तेव्हा बाजारात होतं. मिशिगन स्टेट विद्यापीठाचे जैवयांत्रिकीचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, रेसर जिम डाउनिंग यांनी १९८१ मध्ये एक सहकारी याच इजेने गेल्यावर ‘हॅन्स’ या उपकरणावर काम सुरू केलं होतं. अर्नहार्टला ते पसंत नव्हतं; तो त्याला गळफास म्हणायचा आणि तोंड उघडं राहणारं जुनं हेल्मेटच घालायचा.

हॅन्स मान ताठ धरून ठेवतं असा गैरसमज आहे. ते घोड्याच्या नालेसारखं कडक जोखड असतं. त्याचे दोन पाय खांद्यांवरून छातीवर येतात, खांद्याचे पट्टे त्यांच्यावरून जातात आणि जोखड धडाशी पक्कं होतं. मानेमागे उंच कॉलर असते. तिथून दोन्ही बाजूंना निघालेल्या दोऱ्या हेल्मेटला अडकवतात. एरवी दोऱ्या सैल असतात, ड्रायव्हर डावीउजवीकडे पाहू शकतो. धडकेत डोकं पुढे निघालं की दोऱ्या ताणतात आणि बल हेल्मेटमधून जोखडात, तिथून पट्ट्यांत आणि छातीत उतरतं. मान वगळली जाते.

म्हणूनच पट्ट्यांशिवाय हॅन्सला अर्थ नाही. आधी कमरेचा पट्टा पोटावर न घेता खाली कमरेच्या हाडांवर घट्ट आवळायचा, मग खांद्याचे. खांद्याचे पट्टे एकमेकांपासून फार दूर बांधले असतील तर ते जोखडावरून निसटतात. ते मागे फार खालच्या बिंदूला बांधले असतील तर धडकेत मणका खाली दाबतात. आडव्या रेषेपासून २० अंशांपेक्षा जास्त उतार नको. दोऱ्या लांब असतील तर त्या ताणायच्या आधीच मान ताणली जाते. पट्ट्याचे धागे उन्हाने कमजोर होतात, म्हणून अमेरिकेतल्या एसएफआय मानकानुसार पट्टे दोन वर्षांनी बदलावे लागतात, दिसायला नवे असले तरी.

त्या वर्षी चाहते प्रत्येक शर्यतीच्या तिसऱ्या फेरीला गप्प होत आणि तीन बोटं वर धरत. ऑक्टोबर आला तरी हॅन्स सक्तीचं नव्हतं. ४ ऑक्टोबरला शार्लटला आर्का या दुसऱ्या कार शर्यतींच्या मालिकेत ब्लेझ अलेक्झांडर आणि केरी अर्नहार्ट, म्हणजे डेलचा थोरला मुलगा, यांच्या गाड्या एकमेकींना लागल्या. केरीची गाडी उलटून टपावर घसरत गेली आणि तो सुखरूप बाहेर आला. अलेक्झांडर भिंतीला धडकला आणि कवटीच्या तळाच्या इजेने गेला. पुन्हा तोच उलटा हिशेब. १७ ऑक्टोबरला नॅसकारने डोकं आणि मान बांधणारं उपकरण सक्तीचं केलं.

भिंतीही बदलल्या. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या गटाने ‘सेफर’ भिंत तयार केली: काँक्रीटच्या पुढे पोलादी चौकोनी नळ्यांचा पडदा आणि मध्ये फोमचे ठोकळे. ती काही इंच आत दबते आणि मिलिसेकंद वाढवते. मे २००२ मध्ये इंडियानापोलिसला ती पहिल्यांदा बसली.

फेब्रुवारी २०२०च्या डेटोना ५००मध्ये, पुन्हा शेवटच्याच फेरीत, रायन न्यूमनची गाडी भिंतीला लागून उलटली आणि हवेत असतानाच दुसरी गाडी थेट त्याच्या बाजूवर येऊन आदळली. टीव्हीवर पाहणाऱ्यांनी आशा सोडली होती. त्याला नेलं ते हॅलिफॅक्स हॉस्पिटलमध्ये, जिथे २००१ साली अर्नहार्टला मृत घोषित केलं होतं. दोन दिवसांनी न्यूमन आपल्या दोन्ही मुलींचे हात धरून तिथून चालत बाहेर पडला.