विस्तारित उत्पादक जबाबदारी : वेष्टन कचरा

वेष्टनाचा उपयोग संपल्यावर त्याचे संकलन, वर्गीकरण, पुनर्चक्रीकरण आणि विल्हेवाट यांचा खर्च, आणि काही देशांत प्रत्यक्ष व्यवस्थाही, माल बाजारात आणणाऱ्यावर सोपवणाऱ्या कायदेशीर तरतुदींना हे नाव आहे. बाटली किंवा खोके एकदा विकले गेले की त्याच्याशी उत्पादकाचा संबंध सुटतो आणि पुढचा भार पालिकेवर, म्हणजे अखेर करदात्यावर पडतो, ही जुनी रीत या तत्त्वाने मोडली. कायद्यातील ‘उत्पादक’ हा मात्र नुसता कारखानदार नसतो. रिकामी बाटली बनवणाऱ्यापेक्षा तीत माल भरून स्वतःच्या नावाने विकणारा ब्रँडमालक आणि भरलेला माल परदेशातून आणणारा आयातदार यांच्यावरच बहुधा मुख्य दायित्व असते.

स्वीडनमधील टोमास लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. पाठोपाठ १९९१ मध्ये जर्मनीने वेष्टने परत घेण्याची सक्ती करणारा नियम केला. मात्र घरोघरच्या संकलनाची सामाईक यंत्रणा उभारून तिला शुल्क देणाऱ्या कंपन्यांना विक्री-वेष्टने स्वतः परत घेण्यापासून सूट दिली. या यंत्रणेचे ‘हिरवा ठिपका’ हे चिन्ह पुढे युरोपभर पसरले. ते वेष्टन पुनर्चक्रीकरणयोग्य असल्याची खूण आहे, असा समज अजूनही आढळतो. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच, की त्या वेष्टनासाठी शुल्क भरले आहे. युरोपीय संघाने १९९४ च्या निर्देशाने सदस्य देशांना पुनर्चक्रीकरणाची उद्दिष्टे घालून दिली आणि २०१८ च्या दुरुस्तीने ती वाढवून सर्व वेष्टनांसाठी २०३० अखेर वजनाच्या ७० टक्के, तर प्लास्टिकच्या वेष्टनांसाठी ५५ टक्के केली.

उद्देश केवळ पैसा उभा करण्याचा नव्हता. कचऱ्याचा खर्च स्वतःच्या हिशेबात आला की कंपनी वेष्टनाची रचनाच बदलेल, अशी मूळ अपेक्षा होती, आणि ती नेमकी शुल्काच्या आकारणीवर अवलंबून राहिली. शुल्क केवळ वजनावर ठेवले, तर जड काचेला ते जास्त आणि हलक्या बहुस्तरीय पाकिटाला कमी पडते. पण प्लास्टिक व धातूचे थर एकमेकांना चिकटलेले ते पाकीटच वेगळे करून पुन्हा वापरणे सर्वांत कठीण. म्हणून पुनर्चक्रीकरणास सुलभ वेष्टनाला सवलत आणि अवघड वेष्टनाला जादा आकार, अशी श्रेणीबद्ध आकारणी काही देशांनी स्वीकारली.

भारतात प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये ही जबाबदारी होतीच. फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने तिला प्रवर्गनिहाय उद्दिष्टे, केंद्रीय पोर्टलवरील नोंदणी आणि उद्दिष्ट चुकल्यास पर्यावरणीय भरपाई यांची जोड मिळाली. उद्दिष्ट पुरे करण्यासाठी पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेता येतात. अशा पद्धतीत प्रमाणपत्रामागे खरोखर तितका कचरा प्रक्रियेत गेला का, ही पडताळणीच निर्णायक ठरते.

शुल्क चुकवणे हा या व्यवस्थेचा जुना रोग आहे. जर्मन यंत्रणा १९९३ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, त्याचे एक कारण हेच होते, की अनेक कंपन्या ठिपका छापत, पण पूर्ण पैसे भरत नसत. तेथे २०१९ पासून उत्पादकांची सार्वजनिक नोंदवही आहे, आणि जुलै २०२२ पासून ऑनलाइन बाजारपेठांना विक्रेत्याची नोंदणी तपासल्याशिवाय त्याचा माल विक्रीस ठेवता येत नाही.