विलगीकरण छावणी (प्लेगकालीन मुंबई इलाखा)

साथीच्या रोग्याच्या सहवासात आलेल्या, पण स्वतः आजारी नसलेल्या माणसांना घरातून काढून ठरावीक दिवस देखरेखीखाली ठेवण्याची जागा म्हणजे विलगीकरण छावणी. मराठी मुलखात ती मोठ्या प्रमाणावर उभी राहिली ती १८९६ ते १८९९ या प्लेगच्या वर्षांत. त्या काळी तिला ‘सेग्रिगेशन कँप’ किंवा नुसते ‘कँप’ म्हणत. रोग्यांचे प्लेग-रुग्णालय वेगळे आणि ही छावणी वेगळी; लोकांनी धास्ती मात्र दोन्हींची सारखीच घेतली. घरातला आजारी एकीकडे, बाकीची माणसे दुसरीकडे आणि घर उघडे पडलेले, अशी कुटुंबाची एकाच सकाळी तीन ठिकाणी फाटाफूट होई.

ही छावणी समजून घ्यायची तर एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते : विलगीकरणाला वेगळी खोली लागते. ज्याच्या घरात ती होती त्याला एक नियम लागला, नव्हती त्याला दुसरा.

साथ आणि कायदा

चीनमधल्या युनान प्रांतातून कँटन–हाँगकाँग या वाटेने पसरलेला प्लेग १८९६ च्या पावसाळ्यात मुंबईला पोहोचला. बंदराला लागून असलेल्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी, पहिले रोगी आढळले. मूळचे गोव्याच्या हडफड्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी रोग ओळखला आणि २३ सप्टेंबर १८९६ रोजी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे तो गाठीचा प्लेग असल्याचे सांगितले. थंडी वाजून चढणारा ताप, डोळे लाल, झोकांड्या जाणे, आणि जांघेत, काखेत किंवा मानेला दुखरी गाठ ही त्याची लक्षणे. जांघेतल्या गाठीला मराठीत आधीपासून ‘बद’ हा शब्द होता. रोगाला लोक ‘गाठीचा ताप’ म्हणू लागले.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी पालिका आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला की प्लेगचा रोगी सापडला की त्याला सक्तीने रुग्णालयात हलवायचे. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर (आजचे कस्तुरबा रुग्णालय) हल्ला केला. स्नो यांना त्याहून मोठी भीती हलालखोरांची होती. मैला वाहणारे आणि गटारे उपसणारे हे कामगार शहर सोडून गेले असते, तर मुंबई आठवड्याभरात राहण्याजोगी उरली नसती. एरवी ज्यांना कोणी मोजत नव्हते, त्यांच्या निघून जाण्याच्या शक्यतेने सरकारी हुकूम वाकवला. ३० ऑक्टोबरला सुधारित हुकूम निघाला : ज्याला घरीच वेगळे ठेवून उपचार करता येतील त्याला हलवायचे नाही.

या सवलतीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. गिरणगावातले बहुतेक संसार चाळीतल्या एका खोलीत होते. त्याच खोलीत चूल, मोरी, बाळंतीण आणि रात्रपाळी करून आलेला माणूस. गिरगावात किंवा मलबार हिलवर माडी असलेल्याला हुकमातून सुटका मिळाली, चाळकऱ्याला नाही. कागदावर हा नियम सर्वांना सारखा होता.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग अधिनियम मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. दुसऱ्या कलमाने सरकारला हवे ते तात्पुरते नियम करण्याची मुभा दिली. प्रवाशांची तपासणी आणि संशयितांना वेगळे ठेवणे त्यातच येते. तिसऱ्याने आज्ञाभंगाला दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाची शिक्षा लावली. चौथ्याने सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असे ठरवले. ज्याच्यावर अंमल करायचा त्याचे हक्क सांगणारे कलम त्यात नव्हते. त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्तासाठी व्हेनिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा दबाव होता आणि भारतातून जाणारी हज यात्राही थांबवण्यात आली.

झडतीपासून छावणीपर्यंत

पुण्यात १८९७ च्या सुरुवातीला वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. १८९४ मध्ये हाँगकाँगला गोऱ्या पलटणीकडून घरे झाडून घेतली होती, तोच नमुना इथे उचलला. १३ मार्चच्या सुमारास डरहॅम लाइट इन्फंट्रीच्या सोजीरांसह घरझडती सुरू झाली आणि १९ मेपर्यंत चालली.

कामाचा क्रम ठरलेला होता. आधी गल्लीची दोन्ही तोंडे अडवायची. झडतीची तुकडी घरात शिरे : माजघर, स्वयंपाकघर, देवघर, माळा, कणगीच्या मागची जागा. ताप असलेला माणूस सापडला की डोलीतून रुग्णालयात आणि त्याच्या घरची माणसे छावणीत. मागून जंतुनाशकवाले येत. कार्बोलिक अ‍ॅसिड किंवा रसकापराचे पाणी भिंती-जमिनीवर मारत, काही ठिकाणी पंपाने घर धुऊन काढत. सारवलेली जमीन खणायची, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले उतरवायची, गोधड्या-वाकळा जाळायच्या, आणि शेवटी चुन्याचा हात. मुंबईत राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात. मृत्यूची नोंद झाल्याशिवाय अंत्यविधीला मनाई होती. मृत्यू कळवला की घर खणले जाणार आणि माणसे नेली जाणार हे ठाऊक असल्याने प्रेते लपवली जात. नियम जितका कडक, तितकी नोंद खोटी होत गेली.

छावणी बहुधा गावाबाहेरच्या माळावर असे. बांबू आणि तट्ट्यांच्या ओळीने झोपड्या, भोवती कुंपण, एक फाटक. मुक्काम साधारण १० दिवसांचा. रोग अंगात असला तर तेवढ्यात बाहेर पडतो असा हिशोब व्हेनिसच्या परिषदेतही मान्य झाला होता. रोज नाडी, ताप आणि गाठीची जागा तपासत. दिवस तसे थोडे, पण रोजंदारीवर जगणाऱ्याला दहा दिवस म्हणजे महिन्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा. शिवाय मागे घर उघडे, जळालेले अंथरूण, आणि सुटून आल्यावर ‘कँपातले’ म्हणून मालकाने कामावर न घेण्याची भीती. नोकरदाराची रजा मांडली जाई. हमालाला रजा हा शब्दच लागू नव्हता.

रेल्वेवरही हेच चाले. तपासणीच्या स्थानकावर गाडी थांबली की प्रवाशांना फलाटावर रांगेत उभे करत. डोळे, जीभ, नाडी; मग मान, काख, जांघ. या तपासणीला स्त्री डॉक्टर आणि आडोसा आहे की नाही, यावर त्या फलाटावरचा सारा तंटा अवलंबून असे.

यातले बरेच कष्ट वायाच गेले. प्लेगचा जंतू उंदरात आणि त्याच्या पिसवांत वाढतो. उंदीर मेला की पिसवा त्याचे गार पडलेले अंग सोडून जवळच्या उबदार अंगावर येतात. पॉल-लुई सिमाँ यांनी हे १८९८ मध्ये कराचीत दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. कार्बोलिकने उंदराचे काही बिघडत नाही. जमीन खणल्याने आणि गटारे धुतल्याने तो उलट शेजारच्या घरात जातो. पुण्यातली साथ मेमध्ये उतरली त्याचे श्रेय झडतीला दिले गेले, पण उन्हाळा तापला की पिसवा मरतात आणि साथ आपोआप उतरते. पावसाळ्यानंतर ती परतली, आधीपेक्षा मोठी.

‘संस्कृती’ म्हणून काय सांगितले गेले

सरकारी टिपणांत लोकांच्या विरोधाला एकच शब्द वापरलेला दिसतो : जातीय आणि धार्मिक पूर्वग्रह. पुढाऱ्यांच्या अर्जांत त्याच गोष्टीला रीतिरिवाज आणि धर्म म्हटले आहे. दोन्ही बाजूंनी एका गाठोड्यात बांधलेल्या या चिजा सुट्या करून पाहाव्या लागतात.

पहिली चीज अब्रूची. परक्या सोजीराने सोवळ्यातल्या देवघरात बूट घालून जाणे, बाईला चारचौघांत काख वर करायला लावणे, याचा संताप कोणत्याही जातीचा होता. पंडिता रमाबाई या ख्रिस्ती झालेल्या आणि रूढींवर कडाडून टीका करणाऱ्या. त्यांनीही मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून पुण्याच्या प्लेग-रुग्णालयात आपल्या आश्रमातल्या मुलीची झालेली आबाळ जाहीर केली. मुंबईत ९ मार्च १८९८ चा दंगा पेटला तो मोमीन विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून.

दुसरी चीज ज्ञानाची. उंदीर पडू लागले की गाव उठायचे, रानात किंवा माळावर छपरे घालून राहायचे, ही रीत गावोगाव रुळली. उंदीर घरात राहतो आणि माणूस घर सोडतो, म्हणून ही रीत रोगाच्या मुळाशी जाऊन भिडत होती. सरकारने बराच काळ तिला पळापळ मानले. पुढे अधिकाऱ्यांनीच गाव रिकामे करण्याला उत्तेजन दिले. खबरदारी एवढीच लागे की धान्याची पोती तशीच उचलून नेऊ नयेत, नाहीतर उंदीर आणि पिसवा सोबत येतात. पहिला उंदीर पडल्याबरोबर उठलेले गाव वाचे. माणसे दगावायला लागल्यावर उठलेले गाव रोग घेऊनच माळावर पोहोचे.

तिसरी चीज वर्चस्वाची, आणि तिच्याबद्दल मराठी लिखाणात पुरेसे बोलले जात नाही. मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीने पंथवार आणि जातवार खासगी रुग्णालयांना परवानगी दिली. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग-रुग्णालय निघाले. आपला आचारी, आपले पाणी, नातेवाइकाला उशाशी बसायची मुभा : या गोष्टींनी माणसे धीराने रुग्णालयात येऊ लागली हे खरेच. पण ज्या जातीकडे देणगी देणारा शेठ नव्हता, त्यांच्या वाट्याला पालिकेचे सामान्य रुग्णालयच आले. सोवळे सांभाळण्याची सोय ही ज्याचा विटाळ मानला जाई त्याला बाहेर ठेवूनच होते. सरकारने संस्कृती ऐकून घेतली ती ज्यांना अर्ज लिहिता येत होता त्यांची.

याच दिवसांत वेगळ्या तऱ्हेने काम करणारी माणसे होती. सत्यशोधक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत रोग्यांसाठी खपत असताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने गेले. हडपसरकडे ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी दवाखाना उघडला. तिथे जातीची विचारपूस नव्हती. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातूनच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सोजीरांची झडती सुरू व्हायला तेव्हा जेमतेम तीन दिवस होते.

छावणी मागे पडली

२२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतणाऱ्या रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच, रँड ३ जुलैला मरण पावले. टिळकांना त्या वर्षी राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची शिक्षा झाली. पण धोरण बदलले ते केवळ गोळ्यांनी नव्हे. सक्तीने रोगी लपतो आणि लपलेला रोगी मोजताही येत नाही, हे आकड्यांतूनच अधिकाऱ्यांना उमगले. १८९८ नंतर भर स्वेच्छेवर, गाव रिकामे करण्यावर आणि टोचणीवर आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली होती, मग भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली.

मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, दादर–माटुंग्याला नवी वसाहत आखली. वारा खेळता झाला, पण पाडलेल्या खोल्यांतले भाडेकरू शेजारच्या चाळींत आणखी दाटीने शिरले.

२०२० मधील पुनरावृत्ती

कोविडच्या साथीत महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० मध्ये हाच १८९७ चा कायदा लागू केला. घरी विलग राहणाऱ्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारला गेला. घरी राहण्याची अट पुन्हा तीच : वेगळी खोली आणि शक्यतो वेगळे शौचालय. धारावीत १ एप्रिलला पहिला रोगी सापडला. बहुसंख्य लोक सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्या त्या वस्तीत ही अट पुरी होण्याजोगी नव्हती, म्हणून शाळा आणि क्रीडासंकुलात विलगीकरण केले. तिथे जेवण आणि औषध मिळत होते, आणि तपासणीला वस्तीतलेच ओळखीचे खासगी डॉक्टर सोबत होते; १८९७ शी तुलना करता फरक पडला तो याच दोन गोष्टींनी. आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला गेल्या. हा तोडगा वारकरी परंपरेतल्या मंडळींशी बोलून निघाला, त्यामुळे तो पाळला गेला. टाळेबंदीत मजुरी बुडालेल्यांसाठी मात्र असे बोलणे वेळेत झाले नाही; ८ मे रोजी जालन्याहून पायी गावाकडे निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळावर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि जखमी कर्मचाऱ्याला भरपाई, अशी कलमे आली. विलग केलेल्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीची तरतूद या दुरुस्तीतही नाही.