साउंडिंग रॉकेटमधील लष्करी बूस्टर

क्षेपणास्त्राला जमिनीवरून उचलून काही सेकंदांत प्रचंड वेग देण्यासाठी बनवलेली घन इंधनाची मोटर, म्हणजे बूस्टर, वैज्ञानिक रॉकेटचा पहिला टप्पा म्हणून वापरण्याची पद्धत. अमेरिकेत १९५० च्या दशकात ती रुळली आणि आजही चालू आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंब्याहून उडालेले नाइके-अपाचे हे रॉकेट याच घराण्यातले. भारताच्या अवकाश कार्यक्रमाची सुरुवात त्याच्यापासून मोजली जाते.

साउंडिंग रॉकेट कक्षेत जात नाही. ते वर जाते, वाटेत मोजमापे घेऊन रेडिओने खाली पाठवते आणि काही मिनिटांत पृथ्वीवर पडते. संशोधनाचे फुगे साधारण ४० किमीच्या वर क्वचितच पोचतात आणि दीडशे किमीच्या खाली हवेच्या अडथळ्यामुळे उपग्रह टिकत नाही. मधल्या पट्ट्यात उपकरण न्यायचे तर रॉकेटला पर्याय नाही. पण असे रॉकेट एकदाच वापरता येते, त्यामुळे ते स्वस्त पडले नाही तर विद्यापीठांच्या आवाक्याबाहेर जाते. लष्करी मालाचे महत्त्व इथे आहे.

असा माल उपलब्ध होतो, कारण क्षेपणास्त्राचे सगळे भाग सारख्या वेगाने जुने होत नाहीत. मार्गदर्शन यंत्रणा कालबाह्य ठरते, शत्रूची विमाने अधिक उंचावरून उडू लागतात, अख्खे क्षेपणास्त्र सेवेतून काढले जाते, पण त्याची मोटर चांगलीच असते. नाइके एजॅक्स हे विमानविरोधी क्षेपणास्त्र १९५४ पासून अमेरिकी शहरांभोवती तैनात होते आणि १९६३ च्या अखेरीस ते अमेरिकेतील तळांवरून हटवले गेले. त्याची जागा घेणाऱ्या नाइके हर्क्युलिसचा बूस्टर म्हणजे एजॅक्सचेच चार बूस्टर एकत्र बांधलेला जुडगा होता. त्यामुळे ही मोटर मोठ्या संख्येने तयार झालेली, पुरेपूर पारखलेली आणि सैनिकांनी हाताळून झालेली होती. शास्त्रज्ञांनी मात्र एजॅक्सच्या निवृत्तीची वाट पाहिली नव्हती. हाच बूस्टर खाली लावलेली साउंडिंग रॉकेटे, नाइके-डीकन १९५५ मध्ये आणि नाइके-केजन १९५६ मध्येच, उडाली होती.

कार्यपद्धती : नाइके बूस्टरमधील इंधन नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीन यांचे असते. ते सुमारे साडेतीन सेकंद जळते आणि त्या वेळात दोन लाख न्यूटनांहून अधिक रेटा देते. विमान गाठण्यासाठी ठेवलेली ही घाई वैज्ञानिक रॉकेटच्याही पथ्यावर पडते. या रॉकेटांना बहुधा मार्गदर्शन यंत्रणा नसते; प्रक्षेपकाच्या रुळावरून सुटताना जी दिशा मिळेल तीच खरी. रॉकेट रुळावरून संथपणे सुटले तर वारा त्याचे नाक फिरवतो आणि ते भलतीकडे जाऊन पडते. वेगाने सुटले तर वाऱ्याला फारशी संधीच मिळत नाही. इंधन संपल्यावर जाड, हलका झालेला बूस्टर हवेच्या अडथळ्याने मागे पडतो आणि सडपातळ अपाचे, म्हणजे रॉकेटचा दुसरा टप्पा, पुढे निसटते. दोघांना वेगळे करायला स्फोटक बोल्टही लागत नाहीत. अपाचे लगेच पेटत नाही. काही सेकंद तसेच वर जाऊन हवा विरळ झाल्यावर पेटते आणि उपकरणे दीडशे ते दोनशे किमी उंचीवर नेते.

या सोयीची किंमत उपकरणांना मोजावी लागते. सुरुवातीचा धक्का आणि कंपने इतकी असतात की प्रयोगशाळेतले नाजूक यंत्र तसेच चढवता येत नाही. शिवाय जुन्या मोटरीत इंधनाला तडे गेले किंवा ते आवरणापासून सुटले, तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, आतला दाब भडकतो आणि मोटर फुटू शकते. म्हणून क्ष-किरण तपासणी आणि नमुना मोटरी जमिनीवर बांधून पेटवून पाहणे या पायऱ्या टाळता येत नाहीत.

मुंबईचा संबंध : भारतात अवकाश संशोधनाची जबाबदारी १९६१ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या अणुऊर्जा विभागाकडे आली. होमी भाभा त्याचे प्रमुख होते. पुढच्या वर्षी विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती नेमली गेली. थुंब्याची निवड चुंबकीय विषुववृत्त (पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र जिथे जमिनीला समांतर असते ती रेषा) तिथून जवळ जाते म्हणून झाली. पहिले रॉकेट अमेरिकेचे होते आणि संध्याकाळच्या आकाशात सोडियमचा ढग सोडून वरचे वारे दाखवणारा उपकरणसंच फ्रान्सचा.

चुंबकीय विषुववृत्ताचे महत्त्व मुंबईला जुने. कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत आल्या. शहरातल्या ट्राम विजेवर चालणार हे ठरल्यावर त्या प्रवाहांचा उपद्रव नको म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय निरीक्षणे अलिबागला हलवली गेली. अलिबागला दिवसा चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल बेताचा असतो. दक्षिण टोकाला त्रिवेंद्रमकडे तो कितीतरी मोठा दिसतो. चुंबकीय विषुववृत्तावर आयनांबरात (वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या थरात) दिवसा पूर्वेकडे वाहणाऱ्या विद्युत् झोताचा हा परिणाम. पण जमिनीवरच्या सुईला फक्त एकूण बेरीज कळते. झोत कोणत्या उंचीवर आणि किती जाडीचा आहे हे त्यातून निश्चित सांगता येत नाही, कारण वेगवेगळ्या मांडण्यांचा जमिनीवरचा परिणाम एकसारखा असू शकतो. १९६४ मध्ये न्यू हॅम्पशायर विद्यापीठ आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा यांनी थुंब्याहून नाइके-अपाचेवर चुंबकमापक पाठवले. रॉकेट झोतातून आरपार जाताना क्षेत्र बदलले आणि झोत शंभर किमीच्या किंचित वर असल्याचे प्रत्यक्ष मापनातून मिळाले. शहरांच्या रक्षणासाठी घडवलेल्या बूस्टरचा याहून चांगला उपयोग प्रस्तुत लेखकाला तरी ठाऊक नाही. अलिबाग आणि दक्षिणेकडील केंद्र यांच्या नोंदींतील फरकावरून झोताचा जोर काढण्याची रीत आजही वापरात आहे.

इतर बूस्टर : अमेरिकी नौदलाच्या टेरियर आणि टॅलॉस या विमानविरोधी क्षेपणास्त्रांचे बूस्टर, ऑनेस्ट जॉन या तोफखान्याच्या रॉकेटची मोटर (वैज्ञानिक वापरात तिला टॉरस म्हणतात) आणि हॉक क्षेपणास्त्रावरून आलेली ओरायन या प्रमुख. कॅनडाच्या ब्लॅक ब्रँट रॉकेटखाली ते चढवले की उंची बरीच वाढते. चार टप्प्यांचे ब्लॅक ब्रँट बारा सुमारे दीड हजार किमीपर्यंत जाते. २५ जानेवारी १९९५ रोजी असेच एक रॉकेट ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी नॉर्वेतील अँडोयाहून सुटले आणि रशियाच्या रडारवर ते पाणबुडीतून डागलेल्या क्षेपणास्त्रासारखे भासले. अध्यक्ष येल्तसिन यांच्यापुढे अण्वस्त्रांचा आदेश देण्याची पेटी उघडली गेली. नॉर्वेने पूर्वसूचना दिली होती, पण ती रडारवरच्या माणसांपर्यंत पोचली नव्हती.

भारताने लष्करी साठ्यावर विसंबून न राहता रोहिणी मालिकेची रॉकेटे स्वतः बनवली; त्यातले पहिले, आरएच-७५, नोव्हेंबर १९६७ मध्ये उडाले. येथे प्रवाह काही अंशी उलटा वाहिला. उपग्रह प्रक्षेपणासाठी बनवलेल्या एसएलव्ही-३ च्या पहिल्या टप्प्याची घन मोटर १९८९ च्या अग्नी चाचणीत वापरली गेली. दोन्ही वापरांतले अंतर इतके कमी असल्यानेच १९८७ च्या क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेने (अशा तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर बंधने घालणाऱ्या देशांच्या गटाने) साउंडिंग रॉकेटचाही नावानिशी समावेश केला. ५०० किलो भार ३०० किमी नेऊ शकणारे रॉकेट, मग ते कशासाठीही बनवलेले असो, निर्यातीच्या सर्वांत कडक वर्गात मोडते. भारत २०१६ मध्ये या व्यवस्थेचा सदस्य झाला.