दुसरं सेमिस्टर जड का जातं?

पहिल्या वर्षाचं पहिलं सेमिस्टर नवलाईत निघून जातं. खरी गोची जानेवारीनंतर होते. निकाल लागतो, बारावीपर्यंत कधी नापास न झालेल्या मुलाला इंजिनिअरिंगच्या एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या गणिताच्या पेपरात, केटी लागते (विषय राहतो) आणि तोवर वर्गातले ग्रुपही पक्के झालेले असतात. घरून फोनवर सांगतात, 'अभ्यास वाढव.' तो वाढवायला हवाच. पण मुलाच्या डोक्यात घोळत असतं ते निराळंच: आपण इथे चुकून तर आलो नाही ना?

हीच शंका ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहिली. अमेरिकेतल्या एका नामांकित कॉलेजात त्यांनी पहिल्या वर्षाचे ९२ विद्यार्थी निवडले, त्यांतले ४९ कृष्णवर्णीय आणि बाकीचे गोरे. प्रयोग झाला तोही दुसऱ्या सेमिस्टरमध्येच. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला सीनिअर मुलांचे अनुभव वाचायला दिले. सार असं, की सुरुवातीला परकं वाटणं बहुतेकांच्या वाट्याला येतं आणि हळूहळू ते ओसरतं. मग मुलांनी आपल्या अनुभवाशी हे कसं जुळतं त्यावर निबंध लिहायचा आणि तो कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवायचा, पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांसाठी. एवढंच. तासाभराचं काम.

यातली खुबी शेवटच्या भागात आहे. 'तुला मदतीची गरज आहे' असं त्या मुलांना कुणीच म्हटलं नाही. उलट त्यांनाच मदत करणाऱ्याच्या जागी बसवलं. आपल्याकडे 'कमकुवत विद्यार्थ्यांची' यादी नोटीस बोर्डावर लावून जादा तास घेतात, त्याच्या हे नेमकं उलटं.

२०११मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते अनुभव वाचलेल्या कृष्णवर्णीय मुलांची गुणसरासरी पुढच्या तीन वर्षांत वाढत गेली, गोऱ्या मुलांशी असलेली तफावत निम्म्यावर आली, डॉक्टरकडे जाणंही कमी झालं. गोऱ्या मुलांमध्ये असा फरक दिसला नाही. गंमत म्हणजे शेवटच्या वर्षी विचारलं, तेव्हा त्या तासाचा आपल्यावर काही परिणाम झाला असं मुलांना वाटतही नव्हतं.

हे घडलं कसं? प्रयोगानंतर आठवडाभर मुलांनी रोजचे अनुभव नोंदवले होते. वाईट दिवस दोन्ही गटांतल्या मुलांना आले. मात्र ज्या कृष्णवर्णीय मुलांनी ते अनुभव वाचले नव्हते, त्यांची आपलेपणाची भावना वाईट दिवशी घसरायची. वाचलेल्यांची तशी घसरत नव्हती. गुण कमी पडले की गोरा मुलगा 'पेपर वाईट गेला' म्हणून पुढे जाऊ शकतो. ज्याच्या समाजाच्या कुवतीवरच शंका घेतली जाते, त्याला तेच गुण 'आमच्यासारख्यांचं हे काम नाही' याचा पुरावा वाटू शकतात.

हा प्रयोग महाराष्ट्रातला नाही. तरी तालुक्याच्या गावाहून, मराठी माध्यमातून, घरातला पहिलाच कॉलेजात आलेल्या मुलाला ही शंका ओळखीची वाटेल. इंग्रजीतून एक प्रश्न विचारताना वर्ग हसला, की ती बळावते.

म्हणून सगळं निबंधावर सोपवायचं का? तसं नाही. २०२३मध्ये २२ शिक्षणसंस्थांतल्या सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. यात हाच उपाय ऑनलाइन, अर्ध्या तासाच्या आत करून घेतला होता. पहिलं वर्ष पूर्ण वेळ शिकून पार पाडणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, पण ज्या कॉलेजात त्या त्या गटाच्या मुलांना रुळायला खरोखर वाव होता, तिथेच. जिथे तो नव्हता, तिथे चार चांगले शब्द कामी आले नाहीत. मला हा निकाल पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मेंटॉर नेमले जातात, फॉर्मवर सह्याही होतात. मेंटॉर सापडतो का, हे मुलांनाच विचारावं.

सीनिअर मुलांचा उपयोग मात्र लगेच करता येईल. टॉपरचं भाषण नको. 'मलाही एम-वन राहिला होता, दिवाळीपर्यंत मेसमध्ये एकटाच जेवायचो, मग लॅबच्या बॅचमध्ये दोघं भेटले' असं खरंखुरं सांगणारा कुणी हवा. आणि सबमिशनची धांदल सुरू होण्याआधी पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाकडून पुढच्या बॅचसाठी एक पान लिहून घ्यावं. केटी लागलेल्यांकडून तर आवर्जून.